वाहत्या कानाची फिर्याद

अन्याय झाला तो सुमन नावाच्या मुलीवर. वय सात, इयत्ता दुसरी, मुक्काम नाशिक रोड. केव्हा झाला तेही सांगते. होळीच्या आधीचा शनिवार, सकाळच्या शाळेची वेळ. गोवर नुकताच उतरला होता. मुलगी उठली तेव्हा उशीचा अभ्रा उजव्या कानापाशी पिवळा, ओला झाला होता आणि रात्रभर ठणकणारा कान एकदम शांत झाला होता. घरातली मोठी माणसं म्हणाली, "फुटला एकदाचा." जणू गळूच फुटलं.

गळू नव्हतं. कानाचा पडदा होता.

ती मुलगी मी. आता माझं शिक्षण झालं आहे आणि आमच्या गटाची पत्रकं मी लिहिते. नळाच्या पाण्यावर लिहिली, रेशनच्या दुकानावर लिहिली, वस्तीतल्या संडासांवर तर इतकी लिहिली की मित्र मला त्यावरून चिडवतात. पहिल्या ओळीत कोणावर अन्याय झाला ते सांगायचं आणि शेवटच्या ओळीत काय पाहिजे ते मागायचं, हे मला शिकवलं गेलं. आजवर हे सगळं दुसऱ्यांसाठी केलं. हे पत्रक माझ्या स्वतःच्या कानाचं आहे. थोडं लांबेल. वाचा.

अत्तर

कान वाहायला लागला आणि सल्ले सुरू झाले. सगळ्यांचं मत एकच: वाहता कान बंद करायचा नसतो. आतली घाण बाहेर पडते आहे, पडू द्या. अडवली तर मेंदूत जाईल. शेजारच्या काकू हेच म्हणाल्या, दळणवाल्या भाऊंनीही हेच सांगितलं आणि सगळ्यांपेक्षा ठामपणे सांगितलं ते आत्यानं. आत्या म्हणजे वडिलांची थोरली बहीण. नवरा गेल्यावर ती आमच्याकडे राहायला आली, ती आमचीच झाली. तिनं लसूण घालून कोमट केलेलं तेल कानात सोडलं आणि फर्मान काढलं, "वाट मोकळी ठेवायची. कुनी बुजवायची नाय."

शाळेत तपासणीला एक साहेब आले होते. त्यांनी माझी जीभ पाहिली, डोळ्याची पापणी ओढून पाहिली आणि म्हणाले, "पुढे." कानाकडे त्यांनी पाहिलं नाही. माझ्या मागे उभ्या असलेल्या मुलीनं नाक दाबलं होतं, तेही त्यांना दिसलं नाही.

वासाबद्दल कोणी लिहीत नाही, म्हणून मी लिहिते. वाहत्या कानाला वास येतो. सडक्या भाजीसारखा आणि थोडा गोडसर. सगळ्यांच्या आधी तो आपल्याला येतो आणि मग समोरच्याच्या चेहऱ्यावर दिसतो. वडिलांनी जुन्या नाशकातून केवड्याच्या अत्तराची कुपी आणली. रोज सकाळी आत्या कापसाचा फाया करून माझ्या कानात बसवायची. लग्नात मिरवणारे पुरुष अत्तराचा फाया कानात ठेवतात. मी दुसरीपासून ठेवत होते. शाळेत माझं नाव पडलं अत्तरदाणी. बाईंनी मला शेवटच्या बाकावर बसवलं, तेही उजवीकडच्या भिंतीशी, म्हणजे वास भिंतीकडे जाईल. आणि वर्षअखेरीला वडिलांना बोलावून सांगितलं, "हुशार आहे, पण लक्ष देत नाही."

लक्ष देत नाही म्हणे! शेवटच्या बाकावरून, एका कानानं, पन्नास पोरींच्या गलक्यातून मी जेवढं लक्ष दिलं तेवढं त्या बाईंनी आयुष्यात कधी कोणाला दिलं नसेल.

घरात हळूहळू रीत पडली. सुमनशी बोलायचं तर डाव्या बाजूनं. आई, वडील, धाकटा भाऊ, सगळे न बोलता डावीकडे यायचे. एकटी आत्या उजवीकडे बसायची. शेंगा फोडायच्या असोत, तांदूळ निवडायचे असोत, ताट घेऊन ती माझ्या उजव्या हाताला बैठक मारणार. मी म्हणायची, "आत्या, इकडे बस ना. तिकडून मला ऐकू येत नाही."

"नको आयकूस. मला काय भाषण द्यायचंय?"

हट्टी म्हातारी, असं म्हणून मी सोडून दिलं.

गेटवर

बहिऱ्या माणसाचा आवाज मोठा होतो. मला त्याचा फायदाच झाला. चळवळीत आले तेव्हा भोंगा बिघडला तरी माझी सभा चालायची. टेम्पोवर भोंगा बांधणारा आमचा विजय म्हणायचा, "सुमनताई असल्या की बॅटरी वाचते." मला सगळे भोंगाच म्हणायला लागले. अत्तरदाणीपेक्षा बरं, म्हणून मी ते नाव मिरवलं.

ब्याऐंशीच्या उन्हाळ्यात अंबडला एका कारखान्याच्या गेटवर सभा होती. पाळी सुटून बाहेर आलेल्या बायका उभ्या होत्या. मी बोलत होते आणि रंगात आले होते. सभा संपता संपता बायका अचानक पांगल्या. घोषणा द्यायला वीस-पंचवीस तोंडं हवी होती, तिथे चारच उरली. मला काही कळेना.

परतताना टेम्पोत विजय माझ्या डावीकडे सरकून बसला. मग म्हणाला, "सांगू का? रागवायचं नाही."

"बोल."

"अगं, उजवीकडून एक बाई तुला सारखी विचारत होती. गेल्या वेळी तुम्ही पाळणाघराचं बोललात, त्याचं काय झालं? तू तिकडे बघितलंसुद्धा नाहीस. शेवटी ती म्हणाली, यांना बोलायचं असतं, ऐकायचं नसतं. चला गं. आणि गेल्या सगळ्या."

मी रागावले नाही. राग यायला तरी अंगात काही उरावं लागतं. साहेबांना, नगरसेवकांना, मामलेदारांना मी ज्या शब्दांत झोडत आले, तेच शब्द एका कामगार बाईनं माझ्या तोंडावर टाकले होते आणि ते मला ऐकूही आले नव्हते. 

दुसऱ्या दिवशी मी सरकारी दवाखान्यात कान-नाक-घशाच्या ओळीत उभी होते.

काटा

डॉक्टरीणबाई बारक्या अंगाच्या, चष्मेवाल्या आणि तिरसट. त्यांनी फाया चिमट्यानं काढला, वास घेतला आणि विचारलं, "किती वर्षं वाहतोय?"

"पंधरा."

"शिकलेली दिसतेस."

"शिकलेल्यांना कोण सांगतं? शाळेत तपासायला आलेल्यांनी जीभ बघून पुढे ढकललं."

"माझ्यावर ओरडू नकोस. मला दोन्ही कानांनी ऐकू येतं." असं म्हणून त्या हसल्या. त्या क्षणी मला त्या आवडल्या.

त्यांनी दोन दांड्यांचा लोखंडी काटा कोपरावर आपटला आणि माझ्या कपाळाच्या मधोमध टेकवला. "कुठे गुणगुणतंय?" मी चकित होऊन म्हटलं, "उजवीकडे." बहिऱ्या बाजूनं आवाज येत होता! त्या म्हणाल्या, "छान. म्हणजे नस जिवंत आहे. पडदा तेवढा गेलाय. भोक आहे, ते बुजवता येतं."

"कशानं?"

त्यांनी माझ्या कानाच्या वर केसांत बोट टेकवलं. "इथे कातडीखाली एक पातळ पापुद्रा असतो. तो काढायचा आणि भोकावर बसवायचा. धरला तर पडदा तयार."

आता मला सांगा, चिडू नको तर काय करू? दुरुस्तीचं सामान भोकापासून दोन बोटांवर पडलेलं होतं. पंधरा वर्षं मी ते डोक्यावर घेऊन हिंडले आणि कुणी सांगितलं नाही.

पण त्यांनी दोन गोष्टी स्पष्ट केल्या. एक, खात्री नाही. कधी कधी पापुद्रा धरत नाही आणि क्वचित आहे तेही ऐकणं जातं. दुसरी, कान आधी पुरता कोरडा व्हायला हवा. थेंब घालायचे, पाण्याचा टिपूस जाऊ द्यायचा नाही. "आणि अत्तर बंद," त्या म्हणाल्या. "तेल तर नावालासुद्धा नको. ओल्या कानावर मी हात लावणार नाही."

घरात

वडिलांना पहिली काळजी वाटली ती व्रणाची. ते हळूच म्हणाले, "कानामागे टाके पडणार. उद्या पाहायला येणारे विचारतील." त्यांना वाटलं मला ऐकू गेलं नाही. पण ते माझ्या डावीकडे बसले होते.

मी तोंड उघडायच्या आतच आई बोलली. आई फार कमी बोलते. "पाहायला येणारे कानामागं बघत नाहीत. आणि जे बघतील त्यांच्या घरी मला पोरगी द्यायची नाही."

विषय संपला. मी शंभर पत्रकं लिहिली असतील, त्यांतलं एकही इतकं नेमकं नव्हतं.

मी थेंब घालत होते, आंघोळीच्या वेळी व्हॅसलिनचा बोळा बसवत होते आणि कान खरोखर सुकत चालला होता. अभ्रा कोरडा निघायला लागला. मी रोज सकाळी तो आईला दाखवायचे, लहान मूल चित्र दाखवतं तसा. आत्या तो अभ्रा हातात घेऊन उलटसुलट करून बघायची आणि तिचा चेहरा उतरायचा. मला वाटलं, म्हातारीचं औषध हरलं म्हणून रुसली.

दवाखान्यात दाखल व्हायच्या आदल्या दुपारी मी डाव्या कुशीवर झोपले होते. कानात काहीतरी कोमट उतरलं. लसणाचा वास आला. मी ताडकन उठले. आत्या समोर बसली होती, हातात पळी.

त्यानंतर मी काय काय बोलले ते लिहीत नाही. अंधश्रद्धा, अडाणीपणा, पंधरा वर्षं, सगळं आलं. भोंगाच तो, गल्लीच्या टोकापर्यंत गेला. आई धावत आली. आत्या जागची हलली नाही. माझं सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाली, "थोडंच घातलं. वाट मोकळी ऱ्हावी म्हनून."

"कसली वाट? कोणी सांगितलं तुला हे?"

"सांगायला कशाला पायजे? माह्या हातात गेला बाळ्या."

आत्याला एक मुलगा होता आणि तो लहानपणी गेला, एवढंच आम्हाला माहीत होतं. कसा गेला हे कोणी विचारलं नव्हतं. ते तिनं त्या दुपारी पळी हातात धरूनच सांगितलं. तिचा नवरा पेठ तालुक्याच्या बाजूला रस्त्याच्या कामावर होता. तिथल्या डोंगरात त्यांचं खोपट होतं. बाळूचा कान वाहायचा. ऐन पावसात ती त्याला पाठुंगळी मारून दवाखान्यात घेऊन गेली. दवाखान्याची इमारत होती, डॉक्टरची खुर्ची होती, डॉक्टर नव्हता. "येतील," म्हणाले. कंपाउंडरनं कानात पांढरी पावडर ठासून भरली आणि वर कापूस कोंबला. कान वाहायचा थांबला. आत्या खूश झाली. मग ताप चढला, मान ताठ झाली. दुसऱ्यांदा ती त्याला घेऊन गेली तेव्हाही खुर्ची रिकामीच होती.

"वाहत हुता तवर पोरगं खेळत हुतं," आत्या म्हणाली. "थांबला आन् गेला. मंग तुझा मी थांबू दीन व्हय?"



मसुराएवढं

डॉक्टरीणबाई भडकल्या. ऑपरेशन पुढे गेलं. पण मी त्यांना बाळूचं सांगितलं, तशा त्या थांबल्या. म्हणाल्या, "उद्या तुझ्या आत्याला घेऊन ये."

आत्या नवं लुगडं नेसून आली. आपल्याला शिव्या खायला बोलावलंय या तयारीनं, पदर घट्ट धरून बसली. डॉक्टरीणबाईंनी नळीनं माझ्या कानातलं तेल ओढून काढलं आणि पेल्यात दाखवलं. "हे तुमचं. लसूण चांगला होता." मग दिव्याची नळी माझ्या कानाला लावून आत्याला वाकायला सांगितलं. "बघा."

आत्या बराच वेळ बघत राहिली. "लाल दिसतंय. मधी काळं हाय."

"ते काळं म्हणजे भोक."

"येवढंसं? मसुराएवढं?"

"एवढंच."

मग त्यांनी तिला समजावलं, घाई न करता. पू येतो तो रोगामुळे. औषधानं रोग गेला की पू आपोआप थांबतो, ते बरं होणं. रोग आत तसाच ठेवून वरून बोळा ठासला तर पू आतच साचतो, ती कोंडी. बाळूची कोंडी झाली. सुमनचा कान आधी बरा करणार आहोत आणि मग खिडकी लावणार आहोत.

आत्यानं विचारलं, "मंग माझं काय चुकलं?"

"तुमचं काही चुकलं नाही, मावशी. तुम्ही दवाखान्यात नेला होता ना? आम्ही तिथे नव्हतो."

'आम्ही' म्हणाल्या त्या. त्या वेळी त्या स्वतः शाळेत असतील. तरी 'आम्ही' म्हणाल्या. आजवर किती अधिकाऱ्यांच्या टेबलापुढे मी उभी राहिले, हा शब्द मला पहिल्यांदाच ऐकायला मिळाला.

त्यानंतर माझा कान कोरडा ठेवायचं काम आत्यानं घेतलं. न्हाणीच्या दारात उभी राहून ती ओरडायची, "सुमे, बोळा दाखव! वरून पानी घेतलंस तर बघ!" घरात लसूण सोलला तरी मी खोलीत नाही ना हे आधी बघून घ्यायची.

टेबलावर

भूल पूर्ण देत नाहीत, फक्त कानाभोवती सुया टोचतात. हे मला आधी माहीत असतं तर मी कदाचित पळून गेले असते, म्हणून तुम्हाला आधीच सांगते: सुया दुखतात, पण त्याच तेवढ्या दुखतात. मग डोक्यावर हिरवं कापड येतं आणि आपण एका तंबूत असतो. हलायचं नाही, बोलायचं नाही. मला! एका सिस्टरनं माझा हात धरला होता. तिचा चेहरा मी शेवटपर्यंत पाहिला नाही. हात खरखरीत होता, फिनेलचा वास होता आणि मी घाबरले की ती अंगठ्यानं माझी मूठ दाबायची. जगात एवढी माया असते आणि तिचं नावही आपल्याला कळत नाही.

कानाच्या आत खरवडल्याचा आवाज फार मोठा येतो. वाळूवर पातेलं घासल्यासारखा. मी मनात घोषणा म्हणत होते. पहिल्यापासून शेवटपर्यंत, मग उलट्या. घोषणा संपल्या तेव्हा पाळणाघरवाल्या बाईचं वाक्य आठवलं आणि तेच म्हणत राहिले. बोलायचं असतं, ऐकायचं नसतं. पापुद्रा धरला नाही तर तिचं म्हणणं जन्मभर खरं राहणार होतं.

मग डॉक्टरीणबाईंचा आवाज आला, "बसवला. आता धरणं त्याच्या हातात."

वॉर्ड

पहिल्या दिवशी छताचा पंखा बंद होता तरी फिरत होता. चक्कर येते, घाबरू नका, थांबते. डोक्याला पागोट्याएवढी पट्टी. नियम: नाक शिंकरायचं नाही. शिंक आली तर तोंड उघडं ठेवून द्यायची, नाहीतर नवा पडदा उडेल. डोक्यावरून पाणी नाही. जड उचलायचं नाही. आणि माझ्यासाठी खास: "घोषणा बंद."

शेजारच्या खाटेवर सिन्नरच्या यमुनाबाई होत्या, विड्या वळणाऱ्या. त्यांच्या घशाचं ऑपरेशन झालं होतं, त्यांना बोलायला बंदी. त्यांना बोलता येईना, मला ऐकू येईना, आणि वॉर्डात सर्वांत जास्त गप्पा आमच्या चालायच्या. त्या हातवारे करून सासूची नक्कल करायच्या आणि मला हसू दाबावं लागायचं, कारण हसल्यावर टाके ओढायचे. सकाळच्या पाव-दुधातला स्वतःचा पाव त्यांना गिळवायचा नाही. तो त्या माझ्या ताटलीत टाकायच्या आणि मी नको म्हटलं की डोळे वटारायच्या.

विजय भेटायला आला. दारातूनच हाक मारली, "काय भोंगा!" सिस्टर त्याच्या अंगावर धावली. मी पहिल्यांदाच काही न बोलता त्याचं सगळं ऐकून घेतलं. जाताना तो म्हणाला, "तू अशी गप्प बसलीस की भीती वाटते गं."

भीती मलाही वाटत होती. रोज सकाळी डोळे उघडायच्या आधी मी उशी चाचपायची. कोरडी. पुन्हा कोरडी. पण पट्टीच्या आत काय चाललंय ते कोणाला दिसत होतं?

टण्

टाके निघाले, आणि पुढे काही दिवसांनी कानातली भरलेली पट्टी काढायचा दिवस आला. आई बरोबर होती. डॉक्टरीणबाई चिमट्यानं पट्टी ओढत होत्या, ती संपेचना, जादूगाराच्या तोंडातून निघणाऱ्या रिबिनीसारखी. शेवटचं टोक निघालं आणि त्यांनी चिमटा स्टीलच्या ट्रेमध्ये टाकला.

टण्.

मी दचकले. उजवीकडून! आईनं माझं दचकणं पाहिलं आणि पदर तोंडाला लावला.

"दचकायला काय झालं?" डॉक्टरीणबाई मुद्दाम रुक्षपणे म्हणाल्या. त्यांनी दिवा लावून आत पाहिलं, पुन्हा पाहिलं. "धरलाय." मग माझा डावा कान तळहातानं बंद केला, मागे गेल्या आणि अगदी हळू काहीतरी म्हणाल्या.

मी वळून म्हटलं, "विजयनं तुम्हालाही सांगितलं होय ते नाव?"

त्या इतक्या हसल्या की बाहेरच्या ओळीतली माणसं डोकावली.

खोटं सांगणार नाही. ऐकणं पूर्ण आलेलं नाही. गर्दीत अजून अडखळते. पण अभ्रा कोरडा आहे, फाया नाही, कुपी नाही. शेजारी बसलेल्या माणसाचा चेहरा आता आक्रसत नाही. अंबडच्या गेटवर पुन्हा गेले तेव्हा त्या बाईला शोधून काढलं आणि आधी तिचं ऐकलं. तिनं मला चांगलं झोडलं. दोन्ही कानांनी ऐकून घेतलं. पाळणाघराचं पत्रक आता तिच्या शब्दांत निघालं आहे.

उजवी बाजू

घरी आल्यानंतरच्या एका दुपारी मी भिंतीला टेकून पेपर वाचत होते. आत्या सुपात शेंगा घेऊन आली आणि सवयीनं माझ्या उजवीकडे बसली. टरफलं फुटत होती. प्रत्येक टरफलाचा आवाज मला येत होता आणि मी पेपर न वाचता तेच ऐकत होते. मग टरफलांच्या मधून हळू आवाज यायला लागला.

"किडक्या निघाल्या बघ यंदा. तुला खारवलेल्या आवडायच्या... हिचं डोकं बघ मागून कसं भादरलंय, बकऱ्यावानी. येतील म्हना केस... आज भाजीत मीठ लय पडलं, पन कुनी बोललं नाय. तू असता तर बोलला असतास, बाळ्या."

मी पान उलटलं नाही. पंधरा वर्षं ती माझ्या उजवीकडे का बसत होती ते मला त्या क्षणी कळलं. दोन खोल्यांच्या त्या घरात तिला आपल्या पोराशी बोलायला एवढी एकच जागा होती.

आणि आता त्या जागेवरचंही मला ऐकू येऊ लागलं होतं.

आत्याचे हात थांबले. तिच्या ध्यानात आलं असावं. "सुमे. आता तुला या बाजूनं येतं, नाय का?"

"येतं, आत्या."

तिनं मांडीवरची टरफलं सुपात झटकली. मी म्हटलं, "मी उठून जाऊ का आतल्या खोलीत?"

"कशाला? बस." तिनं एक शेंग फोडून दाणे माझ्या हातावर ठेवले. आणि मग नेहमीपेक्षा जरा मोठ्या आवाजात म्हणाली, "आयक रं बाळ्या, आता सुमीला बी येतंय आयकू. तिच्या कानात बघितलं मी. मसुराएवढं हुतं. बुजलं."

म्हणून या पत्रकाच्या पहिल्या ओळीत मी दुरुस्ती करते. पहिलं नाव माझं नको. अन्याय झाला तो बाळूवर, ऐन पावसात, पेठकडच्या डोंगरात, एका रिकाम्या खुर्चीसमोर, आणि तोही दोनदा. माझा नंबर त्याच्यानंतरचा. मला डॉक्टर भेटली. त्याला भेटला नाही. आमच्या दोघांत फरक आहे तो एवढाच.

आता मागणी. ती तुमच्याकडे आहे.

हे वाचून घडी घालून ठेवू नका. उठा. घरातल्या प्रत्येक मुलाच्या उशीचा अभ्रा बघा. मग मुलाच्या मागे उभं राहा, त्याचा एक कान तळहातानं बंद करा आणि हळू आवाजात त्याचं नाव घ्या. नंतर दुसरा कान. वळलं नाही तर त्याला हट्टी म्हणू नका. अभ्र्यावर डाग असेल तर तेल बाजूला ठेवा, अत्तर बाजूला ठेवा, आणि उद्या सकाळी त्याला दवाखान्यात न्या.

तिथली खुर्ची रिकामी असेल तर "येतील" ऐकून घरी परतू नका. मुलाला घेऊन पायरीवर बसा. कोणी उठवलं तरी उठू नका. आम्हाला निरोप धाडा, आम्ही शेजारी येऊन बसू. ओरडायला मला अजून काही दिवस मनाई आहे.

तोवर तुम्ही ओरडा.